इन्सुलिन बदललं, आता पहिले दहा दिवस

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं जुनं लाँग ॲक्टिंग, म्हणजे सावकाश आणि लांबपर्यंत चालणारं इन्सुलिन, खोडून नवं लिहिलं, मेडिकलमधून पेन आलं, आकडाही लिहिलेला आहे: रात्री २० युनिट. बहुतेक घरांत विषय इथं संपतो आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. बदलाच्या वेळी जे काही चुकतं ते नव्या औषधामुळे क्वचितच. सिरिंज जुनी, वेळ जुनी, टोचायची जागा जुनी, रात्री झोपताना दूध-बिस्किटं खायची सवय जुनी आणि अंगात जुन्या इन्सुलिनचा उरलेला अंश. नवं पेन या सगळ्यात येऊन पडतं.

डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, त्यात वाद नाही. पण तो आकडा कुठून आला हे घरातल्या एकाला तरी समजलेलं असावं. रात्री तीनला अंगाला दरदरून घाम फुटतो तेव्हा शेजारी डॉक्टर नसतात, घरातलं माणूस असतं.

आधी प्रत्येक इन्सुलिनची चाल बघू, कारण पुढचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

एन.पी.एच. म्हणजे ते दुधाळ, पांढरं इन्सुलिन. इन्सुलाटार्ड घेणाऱ्यांना हे माहीत आहे. ते टोचल्यावर साधारण चार ते दहा तासांत पूर्ण जोरात येतं आणि बारा ते अठरा तासांत ओसरतं. रात्री नऊला घेतलं तर त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, एक ते सातच्या दरम्यान. माणूस गाढ झोपेत, पोट रिकामं आणि इन्सुलिन ऐन भरात. डॉक्टर बदल सुचवतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

ग्लार्जिन (लँटस, बेसलॉग, ग्लॅरिटस) पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. बाटलीत ते आम्ल असतं, सामू (पीएच) ४ च्या आसपास. कातडीखाली गेलं की तिथल्या सामूमुळे त्याचे बारीक कण बनतात आणि ते कण सावकाश विरघळत राहतात. म्हणून त्याला ठळक चढ नाही, दिवसभर जवळपास एकसारखं चालतं. बहुतेकांना २४ तास पुरतं, काहींना तास-दोन तास कमी पडतं.

टुजिओ हेही ग्लार्जिनच, पण तिप्पट घट्ट: एका मिलिलिटरमध्ये ३०० युनिट. तेवढाच डोस एक तृतीयांश पाण्यात बसतो, कातडीखाली लहान गोळी तयार होते, तिचा पृष्ठभाग कमी, म्हणून विरघळणं आणखी सावकाश. असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो. डेग्लुडेक म्हणजे ट्रेसिबा. त्याचे रेणू कातडीखाली एकमेकांत गुंफून लांब साखळ्या करतात आणि टोकाकडून एकेक सुटत जातात. एका डोसचा असर ४२ तासांच्याही पुढे जातो. डेटेमिर म्हणजे लेव्हेमिर, ते रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. लहान डोसमध्ये ते चोवीस तास पुरत नाही, म्हणून अनेकांना दिवसातून दोनदा घ्यावं लागे. अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस कंपनीनं ते बंद केलं. इन्सुलिन बदलण्यामागं वैद्यकीय कारणच असतं असं नाही. कधी कंपनी ते बंद करते, कधी दुकानात माल येत नाही, कधी किंमत परवडत नाही.

आपल्याकडच्या शेतकरी माणसाला हे सांगताना उसाचं पाणी आठवतं. पाट बंद केला म्हणून सरी लगेच सुकत नाही. आणि कोरड्या रानात पहिलं पाणी सोडलं की शेवटच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, आधी ते मुरतं. जुनं इन्सुलिन बंद केल्यावर ओल राहते, नवं सुरू केल्यावर आधी मुरतं. डेग्लुडेक पूर्ण पातळीवर यायला तीन ते चार दिवस लागतात, टुजिओला जवळपास पाच. त्याआधी "नवीन इन्सुलिन लागू पडेना" म्हणून डोस चढवत बसणं ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत महाग चूक आहे. तिसऱ्या दिवशी चढवलेला डोस सहाव्या दिवशी अंगावर येतो.

आकडा कुठून येतो

समजा कुणी एन.पी.एच. सकाळी १४ आणि रात्री १२ घेतंय. दिवसाचे २६. ते ग्लार्जिनवर एकवेळ जायचं तर सुरुवात एकूण डोसच्या ८० टक्क्यांवर करतात: २६ चे ८० टक्के २०.८, म्हणजे २० किंवा २१. कपात का? दोन वेळच्या एन.पी.एच. मध्ये जे चढ होते त्यांतला काही भाग जेवणाची साखर उतरवायला खर्च होत होता. तोच आकडा सपाट चालीच्या इन्सुलिनला दिला तर रात्री जास्त होतो. एन.पी.एच. एकवेळच असेल तर ग्लार्जिनही तेवढंच सुरू करतात.

लँटसवरून टुजिओ: २४ चे २४. इथं कपात नाही, उलट काही आठवड्यांनी थोडं वाढवावं लागेल ही तयारी ठेवायची. तेवढ्याच साखरेसाठी टुजिओचे युनिट जरा जास्त लागतात. २४ वरचा माणूस पुढे २७-२८ वर स्थिरावला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आजार वाढला असा त्याचा अर्थ नाही.

उलट दिशेला मात्र सावध. टुजिओ ३० वरून लँटसवर आलात तर ३० नाही, २४. वीस टक्के कमी. दुकानात टुजिओ नाही म्हणून "ग्लार्जिनच आहे ना, तेच द्या" असं म्हणून लँटस आणलं आणि आकडा तसाच ठेवला, तर दोन गोष्टी एकावर एक येतात: लँटसचा युनिट जास्त जोरात चालतो आणि अंगात टुजिओची शेपूट, म्हणजे मागं उरलेला असर, असते.

ट्रेसिबाकडे जाताना टाइप २ मध्ये साधारण आकड्याला आकडा. आधीचं इन्सुलिन दिवसातून दोनदा असेल किंवा टुजिओ असेल तर २० टक्के कमी करून सुरुवात होते. टाइप १ मध्येही कपातीचा विचार होतो. ट्रेसिबाकडून परत ग्लार्जिनकडे येताना पहिले दोन दिवस शेपूट असते, म्हणून बरेच डॉक्टर हात जरा आखडता ठेवून सुरुवात करतात.

सगळ्यात अवघड बदल तीस-सत्तरवाल्यांचा, म्हणजे मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांचा, आणि आपल्या भागात तेच सर्वांत जास्त. मिक्सटार्ड सकाळी २०, रात्री १४, एकूण ३४. यातले ७० टक्के एन.पी.एच., म्हणजे २३.८. उरलेले १०.२ युनिट साधं, लवकर चालणारं इन्सुलिन. ते दोन वेळच्या जेवणासाठी होतं. लाँग ॲक्टिंगवर जाताना २३.८ चे ८० टक्के धरले तर १९ युनिट निघतात. पण ते १० युनिट कुठं गेले? ते चिठ्ठीत दुसऱ्या कुठल्या तरी रूपात दिसले पाहिजेत: जेवणाआधीचं इन्सुलिन, किंवा गोळ्या, किंवा डॉक्टरांनी विचार करून "सध्या नको" असं सांगितलेलं. नुसतं १९ ग्लार्जिन लिहिलेलं दिसलं तर विचारायला लाजू नका. नाहीतर आठ दिवसांनी असं होतं: उपाशीपोटी ११०, सगळे खूश, आणि जेवणानंतर दोन तासांनी २८०. मग तो २८० उतरवायला ग्लार्जिन वाढवलं जातं. ग्लार्जिनचं ते कामच नाही. दुपारच्या भाकरी-भाताची साखर रात्रीच्या लाँग ॲक्टिंगनं उतरवायला गेलं की पहाटे साखर खाली जाते.

हे ओळखायला दोन खुणा आहेत. एक, लाँग ॲक्टिंग वजनाच्या किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे गेलंय का? ६० किलोच्या माणसाला ३० च्या वर गेलं की थांबून विचार करायचा. दुसरी, झोपताना आणि सकाळी उपाशीपोटी यांतला फरक. झोपताना १९०, सकाळी ११० म्हणजे रात्रीतून ८० ची घसरण. ५० पेक्षा जास्त घसरण रोज दिसत असेल तर लाँग ॲक्टिंग त्याच्या वाटणीपेक्षा जास्त काम करतंय. सकाळचा आकडा कितीही गोड दिसला तरी.

सिरिंज

हा भाग घाईत वाचू नका.

आपल्याकडे दोन ताकदीची बाटली मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, किंवा एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. एन.पी.एच. आणि तीस-सत्तरच्या बाटल्या बहुतेक ४० च्या. त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज, तिच्यावर ० ते ४० खुणा. लँटसची बाटली १०० ची, तिच्यासाठी नारिंगी टोपणाची, ० ते १०० खुणांची.

लाल टोपणाची सिरिंज हातात घ्या आणि २० ची खूण बघा. दट्ट्या तिथं आला की आत अर्धा मिलिलिटर आहे. ४० च्या बाटलीतून भरला असेल तर ते २० युनिट. १०० च्या बाटलीतून भरला असेल तर तीच खूण, तेवढंच पाणी, पण ५० युनिट. अडीच पट. सिरिंजवर डोळ्याला २० च दिसतंय, चिठ्ठीवर २० च आहे, माणूस निश्चिंत झोपतो. उलटही होतं: ४० च्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली की २० च्या खुणेवर फक्त ८ युनिट जातात आणि मग "इन्सुलिन बदलल्यापासून साखर चारशेच्या खाली येईना".

म्हणून बदल झाल्या दिवशी घरातल्या सगळ्या जुन्या सिरिंजा बाजूला काढा. कपाटात "असू दे, लागतील" म्हणून ठेवू नका. बाटलीच्या लेबलवर "४० आय.यू./मिली" की "१०० आय.यू./मिली" हे दुकानातच वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावा, तेवढा हक्क आहे.

पेनमधून सिरिंजनं इन्सुलिन ओढणं तर कधीच नको. सुया संपल्या, पेन अडकलं, म्हणून कुणीतरी ही युक्ती करतंच. टुजिओच्या पेनमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर साडेसात पट डोस जातो. पेनची खिडकी मात्र युनिट दाखवते, तिथं कुठलंही गणित करायचं नाही. ३०० चं पेन असलं तरी २४ म्हणजे २४ च फिरवायचे, तीननं भागायचं नाही.

कार्ट्रिजवाली पेनं एकमेकांना चालत नाहीत. बेसलॉगचं कार्ट्रिज इन्सुपेनसाठी, लँटसचं ऑलस्टारसाठी, नोव्होचं पेनफिल नोव्होपेनसाठी. वरवर बसल्यासारखं वाटलं तरी दट्ट्याचं माप जुळत नाही आणि डोस चुकतो. ग्लार्जिन एका कंपनीचं सोडून दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं तर युनिटला युनिट बदल होतो, पण पेन नवं लागतं. आणि औषध तेच समजून पहिले दोन आठवडे तपासणी सोडायची नाही.

टोचताना

दुधाळ इन्सुलिनची सवय असलेल्यांचा हात नवं पेनही आपोआप तळहातावर फिरवतो. एन.पी.एच. ला ते हवंच होतं: दहा वेळा लोळवायचं, दहा वेळा वरखाली करायचं, एकसारखं पांढरं दिसेपर्यंत. ग्लार्जिन, डेग्लुडेक यांना ते लागत नाही. पण सवय मोडताना एक धोका येतो. इतके दिवस घरात "पांढरं रात्रीचं, पाण्यासारखं जेवणाचं" अशी ओळख होती. आता दोन्ही पाण्यासारखी. रात्री लाँग ॲक्टिंगचे २० घ्यायचे ते जेवणाच्या पेनमधून गेले तर दोन तासांत जीव धोक्यात येतो. रात्रीच्या पेनला जाड रबरबँड गुंडाळा. अंधारातही बोटाला कळतं. दोन्ही पेनं एकाच डब्यात ठेवू नका. आणि ग्लार्जिन गढूळ दिसलं तर ते टाकायचं, हलवून बघायचं नाही. ग्लार्जिनमध्ये दुसरं इन्सुलिन एका सिरिंजमध्ये मिसळायचंही नाही, त्याचा आम्लपणा बिघडतो आणि चालच बदलते.

नवी सुई लावली की हवा काढा: लँटस आणि ट्रेसिबाच्या पेनला २ युनिट, टुजिओला ३. सुईच्या टोकावर थेंब दिसला पाहिजे. टोचून बटण पूर्ण दाबल्यावर लगेच सुई काढू नका. लँटस सोलोस्टारला दहापर्यंत मोजा, ट्रेसिबा फ्लेक्सटचला सहापर्यंत, टुजिओला पाचपर्यंत, सावकाश. सुई काढल्यावर कातडीवर ठिबका दिसला तर मोजणं घाईचं झालं. घट्ट इन्सुलिनचा थेंब लहान असला तरी त्यात युनिट जास्त असतात.

आता गाठी. वर्षानुवर्षं बेंबीच्या उजवीकडं एकाच बोटभर जागेत टोचत राहिलं की तिथं चरबीची गाठ होते. दुखत नाही, म्हणून तीच जागा प्रिय होते. आंघोळीला साबण लावलेल्या बोटांनी पोट चाचपा: आजूबाजूच्या कातडीपेक्षा रबरासारखी, फुगीर, किंचित कडक जागा लागते. डोळ्याला दिसत नाही अशी गाठही बोटाला लागते. गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट आणि वेळेवर रक्तात जात नाही, म्हणून डोस वाढत वाढत ३६ वर पोचलेला असतो. मग इन्सुलिन बदलतं, सिस्टर नवीन पेन शिकवताना "मांडीत घ्या" म्हणतात, आणि तेच ३६ युनिट ताज्या जागेत पूर्णच्या पूर्ण लागू होतात. साखर कोसळते आणि नाव नव्या औषधाचं होतं. डॉक्टरांना बदलाआधीच सांगा की पोटावर गाठी आहेत. डोस ठरवताना त्यांना हे कळणं फार मोलाचं आहे. पुढे प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून निदान बोटभर लांब, आणि सुई ४ मिलिमीटरची पुरते, जाड माणसालासुद्धा.

वेळेचं

शेवटचा जुना डोस काल रात्री नऊला, तर पहिला नवा आज रात्री नऊला. पेन दुपारी घरी आलं म्हणून दुपारीच सुरू करायचं नाही. दिवसातून दोनदा एन.पी.एच. घेणाऱ्यानं ग्लार्जिन रात्री सुरू करायचं असेल तर सकाळचा एन.पी.एच. घ्यायचा की नाही हे स्पष्ट विचारून ठेवा. चिठ्ठीवर हे सहसा लिहिलेलं नसतं.

रात्रीचं ग्लार्जिन सकाळवर न्यायचं असेल तर एक सावकाश वाट आहे: रोज दोन तास पुढे सरकवत पाच-सहा दिवसांत पोचायचं. दुसरी, रात्री नेहमीच्या वेळेला अर्धा डोस आणि सकाळी पूर्ण. ही दुसरी डॉक्टरांना विचारूनच, कारण त्या दिवशी दुपारी दोन्हींचा असर एकत्र असतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एम.आय.डी.सी. त तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांना "रोज एकाच वेळी" हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. तिन्ही मिळून पूर्ण २४ तास भरतात, म्हणजे दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला तिन्ही आठवड्यांत घरीच सापडेल असा एकही तास उरत नाही. जवळात जवळ येतं ते दुपारी अडीच ते साडेतीन: दुसऱ्या पाळीला निघण्याआधी, पहिल्या पाळीहून आल्यावर, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात झोपून उठल्यावर. लँटसला तासाभराचा पुढंमागं चालतो, टुजिओला तीन तासांपर्यंत. ट्रेसिबाला सर्वांत मोकळीक, पण दोन डोसमध्ये निदान आठ तास हवेतच. पाळीवाल्यांसाठी बदलाचा विचार होत असेल तर डॉक्टरांना आपलं पाळ्यांचं वेळापत्रक दाखवा. फाउंड्रीत भट्टीसमोरच्या आठवड्यात आणि खुर्चीवरच्या आठवड्यात इन्सुलिन सारखं लागत नाही, हेही सांगा.

डोस विसरला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचा नाही. कुठलंही इन्सुलिन असो.

पट्ट्या आणि वही

पहिले दहा दिवस रोज उपाशीपोटी आणि झोपताना तपासा. दुसऱ्या, चौथ्या, सातव्या रात्री तीनचा गजर लावून एक. रात्रीच्या जेवणाआधीचे चार-पाच आकडे अधूनमधून. जवळपास २८ पट्ट्या होतात, म्हणजे २५ ची डबी पुरत नाही, ५० ची घ्या. हा खर्च टाळू नका, बदलाच्या काळात तो औषधाइतकाच गरजेचा.

तीनची तपासणी का? सकाळी १८० आला की सगळे म्हणतात डोस कमी पडला. पण तीनला ६० असेल तर तो १८० हा घसरणीनंतर शरीरानं ओढून वर आणलेला आकडा असू शकतो, आणि डोस वाढवणं म्हणजे पुढच्या रात्री आणखी खाली जाणं. तीनला १७० असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डोस खरंच कमी आहे किंवा रात्रीचं जेवण उशिरा आणि जड झालं. अमावास्या-पौर्णिमा सोडून रविवारी तांबडा-पांढरा असतोच. मटणाच्या तुपकटपणामुळे साखर जेवणानंतर चार-पाच तासांनी चढते आणि तो चढ सकाळपर्यंत रेंगाळतो. वहीत आकड्याशेजारी "मटण, साडेदहा" एवढं लिहून ठेवा. सोमवारच्या आकड्यावरून डोस बदलायचा नाही.

डोस वाढवायचा तर २ युनिटनं, आणि दोन बदलांत निदान तीन-चार दिवस. कमी करायला एवढं थांबायचं नाही: कारण नसताना ७० च्या खाली एकदाही गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

एन.पी.एच. सोडून ग्लार्जिनवर आलेल्यांचं झोपतानाचं दूध-बिस्किट बघा. ते एन.पी.एच. च्या मध्यरात्रीच्या जोराला अडवण्यासाठी होतं. आता जोरच नाही, मग ते नुसतीच साखर वाढवतं. उलट, काही कारणानं ग्लार्जिनवरून एन.पी.एच. वर यावं लागलं तर तो खाऊ परत सुरू करा.

ज्यांची किडनी अधू आहे त्यांच्या अंगात इन्सुलिन जास्त वेळ टिकतं. त्यांना कपात जास्त, वाढ सावकाश. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या माणसासाठी सकाळचा १४० हा उत्तम आकडा आहे. ९० च्या मागे लागू नका.

साखर कमी झाली तर

थरथर, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढं अंधारी, किंवा नुसतंच विचित्र बोलणं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर: चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. कोल्हापूरचा गूळ घरोघरी असतो आणि हात आधी त्याच्याकडेच जातो. पण खडा चघळायला वेळ लागतो, गुंगीत असलेल्याच्या घशात अडकू शकतो. पाण्यात कालवलेलं बरं. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, त्यातल्या तुपानं साखर उशिरा चढते.

एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. जेवणाआधीच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर आणि गूळ, दोन्ही लवकर चढत नाहीत. या गोळ्या नेमकी साखर फोडण्याचंच काम रोखतात. अशा माणसासाठी ग्लुकोज पावडरच हवी. गोळ्यांच्या पाकिटामागची नावं आजच वाचा. व्होग्लिबोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसोबत एकाच गोळीत असतं आणि घेणाऱ्याला ते माहीतही नसतं. बदलाच्या काळात ग्लुकोजची पुडी उशाशी ठेवा.

लाँग ॲक्टिंगची घसरण एकदा सावरली म्हणून संपत नाही. मागं उरलेलं इन्सुलिन चालूच असतं, ट्रेसिबा-टुजिओमध्ये तर पुढचा पूर्ण दिवस. साखरेच्या पाण्यानंतर अर्धी भाकरी किंवा पोळी खा आणि तासातासानं दोन-तीनदा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि दवाखाना.

नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस उपास धरणारे खूप आहेत. इन्सुलिन बदलून पंधरा दिवस झाले नसतील तर यंदाचे नऊ दिवस सोडा, उठता-बसता करा. तेवढंही करायचंच असेल तर शाबूची खिचडी आणि बटाट्यानं साखर झपकन चढते, मग दुपारभर काहीच नाही म्हणून उतरते. भगर आणि ताक त्यापेक्षा बरं. लाँग ॲक्टिंग बंद करायचं नाही, टाइप १ मध्ये तर एक दिवसही नाही. डोस कमी किती करायचा ते आधी विचारून घ्या.

उन्हाळा आणि पूर

न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या खणाखाली अगदी चिकटून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकायचं. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत बाहेर चालतं: लँटस २८ दिवस, ट्रेसिबा ८ आठवडे. पेनवर उघडल्याची तारीख लिहा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं घरातही ३० च्या वर असतं. तेव्हा माठाजवळ ठेवलेलं ओल्या वाळूचं मडकं, त्यात झाकणाच्या डब्यात पेन, ही जुनी रीत चांगली चालते. गाडीच्या डिकीत मात्र दहा मिनिटंही नको.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात आपल्याकडं तापमान बहुतेक ३० च्या आतच राहतं, त्यामुळं फ्रीज बंद पडला म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही. बर्फात घालून गोठवण्याची चूक करू नका. नदीकाठच्या घरांनी जूनमध्येच एक पिशवी तयार ठेवावी: एक जादा पेन, सुया, मीटर, पट्ट्या, ग्लुकोज आणि चिठ्ठीचा फोटो. निवारा केंद्रात तुमचं इन्सुलिन मिळेलच असं नाही. तिथं ग्लार्जिनऐवजी एन.पी.एच. हातात आलं तर फोनवर डॉक्टर गाठा, डोस दोन भागांत वाटून घ्या, सगळा रात्री एकदम नाही, आणि जवळ खायला असल्याशिवाय टोचू नका. चिठ्ठीवर नुसतं "इन्सुलिन २०" नको. नाव, ताकद आणि वेळ, तिन्ही असली तरच तिथला अनोळखी डॉक्टर तुम्हाला बरोबर बदलून देऊ शकतो.

युरोपात २०२४ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यायच्या आयकोडेक इन्सुलिनला मान्यता मिळाली. रोजच्या डोसच्या सातपट, आणि बदलताना फक्त पहिल्या वेळी त्यावर आणखी निम्मं. असं पेन कधी घरात आलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर वार लिहून, टोचल्यावर त्यावर काट मारायची.

राहता राहिलं फ्रीजच्या दारातलं जुनं पेन. अर्धं भरलेलं असतं, टाकवत नाही, आणि एखाद्या रात्री वीज गेलेली असताना तेच हाताला लागतं. बदल पक्का झाला की न उघडलेली पेनं दुकानदार परत घेतो का विचारा. उघडलेल्याची सुई काढून टाका, त्यावर मार्करनं मोठी फुली मारा आणि फ्रीजबाहेर काढा. नव्याची तारीख त्याच मार्करनं, त्याच वेळी लिहून टाका.